खिळ्यांचा पट्टा

आत्याच्या गळ्याला साधा ओरखडाही नव्हता. दोन्ही पोटऱ्या आणि उजवा हात यांचं काय झालं होतं ते मी इथं लिहिणार नाही. गळा मात्र जसाच्या तसा, कारण गळ्यात पट्टा होता.

हा पट्टा काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमचं गाव शिरूर तालुक्याच्या पार टोकाला, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. आमच्याकडं ऊस वाढला तसे बिबटे वाढले. आताचे बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच मोठे होतात, जंगल त्यांनी बघितलेलंही नसतं. बिबट्या मागून येतो आणि नरडं धरतो. म्हणून वाकून खुरपणाऱ्या, गवत कापणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागल्या. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरची पट्टी, तिच्यातून आरपार बाहेर आलेले अणकुचीदार खिळे, आतून रेक्झिन, मागं बक्कल. पेपरवाले येऊन फोटो काढून गेले. कंपनीतल्या मैत्रिणींनी तेच फोटो मला पाठवले आणि विचारलं, "हे खरं आहे का गं?"

बायकांनी त्याचीही चेष्टा करून घेतली. "नवऱ्याला म्हनलं व्हतं गळ्यातलं कर, तर त्यानं ह्ये केलं," असं एक म्हणायची. आत्याला नवऱ्यानं तरुणपणीच टाकलेलं. ती म्हणायची, "माझा गळा मोकळा व्हता ते ह्या बिबट्याला बघवंना. आता त्याच्या नावाचं घालून हिंडती."

वस्तीत पट्टे मोजकेच होते. जी रानात जाईल तिनं घालायचा, घरी आली की काढून पुढचीला द्यायचा. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बीएस्सी, मायक्रोबायॉलॉजी. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही आणि मिरवायचं असेल तिथं मिरवतेही. वडील लवकर गेले. आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपलं आणि आत्यानं शेळ्या राखल्या, त्यावर माझं कॉलेज झालं. आता मी कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांच्या कच्च्या मालाच्या एका कंपनीत क्यूसीला आहे. आलेल्या मालाचा नमुना घ्यायचा, सील करायचा, तपासायचा आणि जे निघेल ते लिहायचं. मालकाला आवडेल ते लिहायचं नसतं. आमच्या पहिल्या साहेबांनी हे एवढंच शिकवलं आणि मी ते अंगात मुरवून घेतलं. राहायला दौंडमध्ये खोली आहे, सुट्टीला गावाकडं जाते.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती ओढ्याखाली. ओढ्याच्या वरच्या अंगाला आबांचा मळा. आबा म्हणजे गावातलं मोठं घर. सोसायटी, ग्रामपंचायत, कारखान्याची ऊसतोड, सगळीकडं त्यांचा शब्द चालतो. माझ्या वडलांची हयात त्यांच्या मळ्यात गेली, भाऊ आता त्यांचाच ट्रॅक्टर चालवतो. बिबट्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा आबांनी पंजाबकडून कुत्र्यांची जोडी आणली. नर वासराएवढा. येणाऱ्या-जाणाऱ्याला आबा हौसेनं दाखवायचे. मादीला पिल्लं झाली तेव्हा म्हणाले, "सगळी ह्याचीच. दुसऱ्या कुत्र्याला ह्यो मळ्यात पाय टाकू देत न्हाई. अस्सल माल हाय."

त्याच नरानं आदल्या दिवाळीत आमची एक शेळी फाडली होती. मागच्या पायांपासून. आबांनी भावाकडं बदली शेळी पाठवली आणि विषय मिटला. मिटला म्हणजे आम्ही मिटवून घेतला.

त्या दिवशी मी लॅबमध्ये होते. फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून भावानं सिक्युरिटीला फोन करून निरोप दिला. मी गेटवर येऊन त्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "आत्याला बिबट्यानं नेलं."

आमच्याकडं असंच म्हणतात. शेळी असो, कुत्रं असो, माणूस असो. नेलं.

मी थेट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचले. पोस्टमार्टेम व्हायचं होतं. वनखात्याचा एक तरुण गार्ड हातमोजे घालून, कापसाच्या काड्यांनी जखमांतून नमुने घेत होता. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही भायेर थांबा, बघवायचं न्हाई."

"मी क्यूसीला आहे," मी म्हणाले. "नमुना कसा घेता ते मला बघू द्या."

त्यानं एकदा वर बघितलं आणि बाजूला जागा करून दिली. बिचारा काम करता करता सांगतही होता. "जनावराची लाळ जखमेत राहती. तिच्यातला डीएनए काढत्यात. उद्या पिंजऱ्यात जो गावंल तो ह्योच का, त्ये कळतं. न्हाईतर भलत्यालाच धरून न्यायचा आन् खरा हितंच."

"बिबट्या नरडं धरतो ना? मग पोटऱ्या कशा?"

"गळ्यात पट्टा व्हता म्हंत्यात. नरडं गावलं न्हाई म्हनून जितं गावलं तितं धरलं आसंल."

उत्तर बरोबर होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तेच मला खुपत राहिलं. आत्याचा गवताचा भारा उसात नव्हता पडलेला, तो आबांच्या डाळिंबाच्या कुंपणापाशी पडला होता. पोटऱ्या बघताना मला दिवाळीतली शेळी आठवत होती.

"पट्टा कुठाय?" मी विचारलं.

पट्टा दवाखान्यात नव्हता. घरी आल्यावर आईला विचारलं. ती चुलीपुढं नुसती बसली होती. म्हणाली, "घासून दिला शेजारनीला."

"घासला?"

"रगात व्हतं त्याला. राखंनं घासला, धुतला. तिला सकाळच्याला खुरपाय जायचं व्हतं. तिनं काय नरडं उघडं टाकून जायचं?"

मला राग आला नाही. शहरातल्या कुणाला ही गोष्ट सांगितली की तो म्हणतो, अरेरे, पुरावा धुतला. त्यांना मी काय सांगू? आमच्याकडं मेलेल्या बाईचा पट्टा पुरावा नसतो. तो उद्या जिला रानात जायचंय तिचा असतो.

सकाळी उजाडताच मी शेजारणीकडं गेले. तिनं पट्टा काढून दिला, आणि त्या दिवशी ती रानात गेलीच नाही. उजेडात धरून बघितलं. वरून खिळे चकचकीत होते, आईनं घासण्यात कसूर ठेवली नव्हती. पण एका खिळ्याच्या बुडाशी, तो टायरमधून बाहेर येतो तिथं, काळपट रेघ अडकली होती. राख तिथं पोचली नव्हती. माझ्या डोक्यात एकच होतं. ज्या जनावरानं गळा धरायचा प्रयत्न केला असेल त्याचं तोंड या खिळ्यांनी फाटलं असणार. मग यावर आत्याचंच नाही, त्याचंही रक्त असेल.

गार्डला बोलावलं. पंच उभे केले. तो प्लास्टिकची पिशवी काढायला लागला तर मी म्हणाले, "प्लास्टिक नको, आत दमट होऊन नमुना नासतो. कागदात बांधा." घरात कागदी पाकीट एकच निघालं, कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचं, वर हळदीकुंकवाची बोटं. पट्टा गुंडाळून त्यात कसाबसा बसला. गार्डनं त्यावर सही केली, लाखेचं सील मारलं. वस्तीतली माणसं बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "आत्या मेली आन् हिला लॅब सुचती." मी मागं वळून बघितलं नाही.

गावानं पिंजरा मागितला, आबांनी पुढं होऊन फोन केले. पिंजरा आला, त्यात बोकड बांधलं, आणि थोड्याच दिवसांत एक बिबट्या अडकला. झालं. गावाला हवा होता तो मिळाला. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला, "नरभक्षक बिबट्या जेरबंद". वर आबांचा हात जोडलेला फोटो, बाजूला त्यांच्या मुलाचा, खाली वनखात्याचे आभार आणि अगदी कोपऱ्यात आत्या, "भावपूर्ण श्रद्धांजली". आत्याचा तो फोटो माझ्या पदवीदान समारंभातला. तिच्या आयुष्यात धड काढलेला तेवढाच फोटो होता, भावानं तो दिला. फ्लेक्सवाल्यानं मला कापून टाकलं होतं. पण नीट बघितलं तर आत्याच्या खांद्याशी माझ्या काळ्या गाऊनची बाही दिसत होती.

आत्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, आबा स्वतः आले. आमच्या दारात आबा बसलेत असं वस्तीनं कधी बघितलं नव्हतं. वंदना होईपर्यंत खुर्चीत मान खाली घालून बसले. मग मागून गाडीतून त्यांच्या माणसानं एक पिल्लू आणलं. बाकीची पिल्लं लांबलांबच्या पाहुण्यांनी आधीच नेली होती, हे एक उरलेलं. आबा आईला म्हणाले, "बाय, पोरगा दिसभर ट्रॅक्टरवर, घरात तुमी एकट्या बाया. राखणीला जनावर पायजे. घ्या."

भावानं ते दोन्ही हातांनी घेतलं. मंडपातली माणसं एकमेकांकडं बघून माना हलवत होती, केवढं मन, केवढं मन. माझ्याजवळ काही नव्हतं, नुसता संशय. संशयावर मी कंपनीत एक पोतंसुद्धा परत पाठवू शकत नाही.

आबांना मी राक्षस करून सांगत नाही. आत्याला दवाखान्यात नेलं ते त्यांच्याच पिकअपमधून. भावाच्या लग्नात मंडप त्यांचा होता. ते खरंच हळहळले असतील. पण हळहळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. कुत्री सांभाळायला त्यांच्याकडं एक युपीचा माणूस होता. आत्या गेल्यावर आठवड्याच्या आत तो गावाला गेला. जाताना वस्तीवरच्या दुकानात तंबाखू घ्यायला थांबला आणि दुकानदाराला म्हणाला, "गेट खुला रह गया था, भैया. और कुछ मत पूछो." दुकानदारानं हे मला सांगितलं. पोलिसांना सांगशील का म्हटल्यावर म्हणाला, "कंदी बोललो मी?"

अहवाल यायला बराच काळ गेला. पाऊस येऊन गेला, ऊसतोड सुरू झाली. मग गार्डचा फोन आला, "ताई, हापिसला या." त्याच्या साहेबांनी मला समोर बसवून वाचून दाखवलं. जखमांतली लाळ बिबट्याची नव्हती. कुत्र्याची होती. खिळ्याच्या बुडाशी दोन रक्तं होती, एक माणसाचं, आत्याचं; दुसरं कुत्र्याचं. एकच कुत्रा, आणि नर. पिंजऱ्यातल्या बिबट्याचा कशाशीच संबंध नव्हता.

शिकलेल्यांनाही हे नीट माहीत नसतं, म्हणून साध्या शब्दांत सांगते. डीएनए दोन गोष्टी सांगतो. पहिली, जनावर कोणतं: बिबट्या, कुत्रं, तरस. तेवढं सांगायला लाळ पुरते आणि दुसरं काही लागत नाही. दुसरी गोष्ट, नेमकं कोणतं कुत्रं. प्रत्येकाच्या डीएनएत काही जागा अशा असतात की त्यांचा सगळा मेळ दुसऱ्या कुणाशी जुळत नाही, बोटाच्या ठशासारखं. पण ठसा नुसता असून भागत नाही. शेजारी ठेवायला ते बोट लागतं. आमच्याकडं ठसा आला होता, लख्ख, पुरा. बोट आबांच्या मळ्यात होतं.

मी ऑफिसमधून बाहेर आले ती ताठ मानेनं. खोटं का बोलू, मला आनंद झाला होता. शिकल्याचं चीज झालं असं वाटलं. दौंडला न जाता मी थेट घरी आले.

भाऊ अंगणात पिल्लाला भाकरी घालत होता. पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं, गुडघ्याच्या वर आलं होतं. मी सगळं सांगितलं. तो उठलाही नाही.

"मिळालं समाधान?" तो म्हणाला. "आता वनखात्याची मदत बी गेली. बिबट्या आसता तर मिळाली आसती."

"म्हणजे तुला बिबट्याच पाहिजे होता?"

"सगळ्यांलाच बिबट्या पायजे व्हता. तुला एकटीलाच कुत्रं पायजे व्हतं."

आई दारात उभी होती. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि आत गेली.

त्या बिबट्याचंही सांगून टाकते. तो निर्दोष निघाला म्हणून त्याला कुणी सोडला नाही. गावात सोडू म्हणायची कुणाची छाती होती? तो कुठल्यातरी पिंजऱ्यात आहे. फ्लेक्स मात्र ऊन लागून फाटेपर्यंत तसाच होता.

अहवाल पोलिसांकडं गेला. बिबट्यावर गुन्हा होत नाही, पण मोकाट सोडलेल्या कुत्र्याच्या मालकावर निष्काळजीपणाचा होतो. ठाण्याचे साहेब, दोन पोलीस आणि जनावरांचे डॉक्टर आबांच्या मळ्यावर गेले. मीही गेले, मला कुणी थांबवलं नाही. मादी साखळीला होती, तिचा नमुना घेतला.

"आन् नर?" साहेबांनी विचारलं.

आबा बाजेवर बसले होते. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "त्याला बिबट्यानं नेलं."

"कधी?"

"झालं की लई दिस. उसाच्या कडंला रगात पडलं व्हतं. आता कुत्र्याचा कोन पंचनामा करतंय, साहेब?"

जमलेली माणसं हसली. साहेबही हसले. मी म्हणाले, "आबा, बिबट्याशी लढायला आणलेला ना तो?"

"व्हय की," आबा माझ्याकडं बघत म्हणाले. "लढलाच आसंल. त्याचं नशीब." आणि मग मायेनं, अगदी घरच्या लेकीला बोलावं तसं, "पोरी, चा घिऊन जा."

मी चहा घेतला नाही. माझ्या आईला आणि भावाला त्या मळ्यात चहापाणी घ्यावं लागतं, मला लागत नाही, हे मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटत नाही.

मादीचा नमुना जुळला नाही. जुळणार नव्हताच, ती मादी. फाइल बंद करायच्या बेतात सगळे होते. मी खोलीवर माझी कॉलेजची पुस्तकं काढून बसले, आणि मग वाटलं, हे माझ्या आधीच कसं ध्यानात आलं नाही. पिल्लाच्या अंगात प्रत्येक जागेवर अर्धं आईचं असतं, अर्धं बापाचं. आईचा नमुना आता प्रयोगशाळेत होता. पिल्लाचा घेतला आणि त्यातून आईचं अर्धं वजा केलं की उरतं ते बापाचं. ते खिळ्यावरच्या रक्ताशी लावून बघायचं. नर नेला असेल बिबट्यानं, पण त्याचं अर्धं आमच्याच अंगणात बांधलेलं होतं. आबांनी स्वतःच्या हातानं आणून दिलेलं. आणि पिल्लं सगळी ह्याचीच, हे गावभर सांगितलंही त्यांनीच.

मी अर्ज घेऊन ठाण्यात गेले. साहेबांनी वाचला आणि शेजारच्या टेबलाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "आतापर्यंत बायका नवऱ्याची टेस्ट मागायला यायच्या. ह्या ताई कुत्र्याच्या बापाची मागायला आल्यात."

सगळं ठाणं हसलं. मी हसू संपेपर्यंत उभी राहिले. मग म्हणाले, "अर्जाची पोच द्या."

पोच मिळाली. साहेब मग जरा नरमले. म्हणाले, "हे बघा, टेस्ट होईल. पण नमुना आम्ही घ्यायचा, डॉक्टर घेऊन, पंचांसमोर. तुम्ही घरी काडी फिरवून आणली तर कोर्टात कवडीचा उपयोग नाही. आणि ज्याच्या ताब्यात कुत्रं आहे त्याची संमती लागेल. कुणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या भावाच्या."

"मग झालं की," साहेब म्हणाले. "सोपं आहे."

सोपं. मी घरी जाऊन भावाला सांगितलं. तो ट्रॅक्टरचं ऑइल बदलत होता, हात काळे. हातातला पाना फिरवत राहिला, मग एकदम बोलला.

"तू जाशील कुरकुंभला. आमी हितंच ऱ्हानार. उद्या चावी काढून घेत्याल, परवा कारखान्याला आपला ऊस कोन नेनार न्हाई. आपलं दीड बिघं रान, त्याला पानी कुनाच्या मोटरचं येतं? म्हाईत हाय का तुला? का पुस्तकात न्हाई ते?"

"आत्यानं तुलाबी कडेवर वाढवलं," मी म्हणाले. रागात माझी बोली आपोआप घरची होते.

"म्हनूनच सांगतो. तिच्या नावानं घर बुडवू नगं."

आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. पाणी त्यांच्याच मोटरचं होतं. तरी मी ओरडले, तोही ओरडला. पिल्लू मध्ये उभं राहून दोघांकडं बघून शेपटी हलवत होतं.

तेव्हा आई बाहेर आली. तिच्या हातात भांडं होतं, पिल्लाचं दूध. ते खाली ठेवून ती म्हणाली, "दूध मी घालती. मग ते माझ्या ताब्यात नव्हं का?"

भावानं मान वर केली.

"बोलाव साहेबांला," ती मला म्हणाली. "मी करती सही. येती मला. तूच शिकवलीया."

भाऊ पाना टाकून निघून गेला. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. पिल्लाच्या मानेवरून हात फिरवत राहिली. त्याच्याही गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता, लहानसा, भावानंच करून घातलेला. कुत्र्यालाही बिबट्या नरड्यालाच धरतो.

रविवार ठरला. मला दुसऱ्या शिफ्टची बदली मिळाली, मी सकाळच्या गाडीनं निघाले. वस्तीत शिरले तर साहेबांची गाडी माझ्या मागोमागच आली. डॉक्टर उतरले, बॅग घेऊन. गार्डही आला होता. त्याला यायचं काही कारण नव्हतं, तो आपणहून आला होता. शेजारीपाजारी दारात आले. आई धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती, पेन हातात. पेन माझंच होतं, कंपनीच्या नावाचं.

अंगणात साखळी पडली होती. पिल्लू नव्हतं.

भाऊ ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी उभा होता. त्याच्याकडं बघून साहेबांनी विचारलं, "कुत्रं कुठंय?"

तो चाकाकडं बघत म्हणाला, "बिबट्यानं नेलं."

मी त्याचा चेहरा बघितला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मला शाळेत सायकलवर सोडायचा. मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्या हाताखालचं ते चाक कुणाचं आहे, हेही दिसत होतं.

कुणी हसलं नाही. मळ्यावर हसले होते, आमच्या अंगणात हसले नाहीत. शेजारणीनं पदर तोंडाला लावला. साहेबांनी वही काढली आणि जसं सांगितलं तसं लिहून घेतलं. भावानं खाली सही केली.

आई उठली. "मी कुठं करू?" ती पेन पुढं करून म्हणाली.

"आता गरज नाही, आजी," साहेब म्हणाले. आवाजात कुठंतरी लाज होती. असावी असं मला वाटतं.

आई तशीच उभी राहिली. मग तिची नजर गोठ्याच्या खुंटीवर गेली. माझीही. तिथं पिल्लाचा पट्टा टांगलेला होता, बक्कल नीट लावलेलं. आईनं तो काढला, उजेडाला धरला, अगदी मी आत्याचा धरला होता तसा. रेक्झिनच्या शिवणीत बारीक पिवळे केस अडकले होते.

"ह्याला केस हायती," ती म्हणाली. "चालतील का?"

गार्ड पुढं झाला. डॉक्टर साहेबांकडं बघायला लागले. साहेबांनी भावाकडं बघितलं, मग वरच्या अंगाला, मळ्याकडं. "कशावरून त्याच पिल्लाचे?" ते म्हणाले. "काढून ठेवलेला पट्टा आहे. कोर्ट मानणार नाही." गाडीत बसले. डॉक्टरही बसले. गार्ड थोडा वेळ पट्ट्याकडं बघत थांबला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

बिबट्या पट्टा काढून खुंटीला टांगत नाही. हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं, शाळेत न गेलेल्यांनाही. त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती.

भावाशी मी त्या दिवशी बोलले नाही. अजूनही नीट बोलत नाही. तो अजून आबांचा ट्रॅक्टर चालवतो, आमच्या रानाला पाणी वेळेवर येतं. पिल्लू कुठं गेलं ते मी विचारलेलं नाही आणि त्यानं सांगितलेलं नाही.

सगळे गेल्यावर आई पट्टा घेऊन आत गेली. मला वाटलं, आता राख घेईल. चुलीत राख होती, कालचीच. तिनं राखेला हात लावला नाही. फळीवर चाचपडून एक लग्नपत्रिका काढली, पत्रिका बाजूला ठेवली आणि पट्टा त्या कागदी पाकिटात घातला. मग पेन उघडून पाकिटावर सही केली. सावकाश, एकेक अक्षर लावत. पाकीट भगवान बुद्धाच्या फोटोमागं ठेवलं आणि मला म्हणाली, "जेव."

ते पाकीट अजून तिथंच आहे.